पिसवा आणि आमचं रांगणारं बाळ
बाळाच्या पायावर लाल ठिपके दिसले तेव्हा आधी डासच वाटले, मग पांढरे मोजे घालून खोलीभर फिरले तर मोज्यांवर टुणकन उडणारे काळे ठिपके, पिसवा! बाळाचा हात सारखा तोंडात, म्हणून स्प्रे-पावडर आधीच बाद. मांजरीला व्हेटकडून औषध आणलं (कुत्र्याचं परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध मांजरीला लावू नका हां, जिवावर बेततं), चादरी-दुपटी 60 डिग्रीच्या पाण्यात धुतली आणि रोज व्हॅक्यूम, सोफ्याच्या फटीतसुद्धा, पिशवी लगेच बांधून घराबाहेर. आठवड्याने परत दिसल्या तेव्हा रडकुंडीलाच आले, पण कोषातल्या पिसवा नंतरही निघत राहतात, कोषात असताना त्यांच्यावर औषध चालत नाही. आता पाचवा आठवडा, काल मोजे स्वच्छ निघाले.