स्टेंट, साखर आणि अलास्काची क्रूझ: विम्याचं आम्ही काय केलं

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आणि आमचे हे, लेक-जावयाबरोबर सिअ‍ॅटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ करून आलो. ह्यांचं वय तेव्हा ६७. २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलेला, बारा वर्षांचा डायबेटिस, बीपीची गोळी चालू. अशा माणसाला समुद्रावर न्यायचं तर विमा कसा घ्यायचा, हे शोधण्यात माझे सहा आठवडे गेले. म्हणून इथे हिमनद्यांपेक्षा विम्याबद्दलच जास्त लिहिते आहे.

आधी मार्ग सांगते, कारण विम्याचा निम्मा प्रश्न मार्गातच आहे. सिअ‍ॅटल, एक दिवस नुसता समुद्र, मग जुनो, स्कॅग्वे, ग्लेशियर बे, केचिकन, शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिअ‍ॅटल. व्हिक्टोरियाला जहाज संध्याकाळी काही तासच थांबतं, पण ते टळत नाही. अमेरिकेतल्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिअ‍ॅटलहून निघून, वाटेत एकाही परदेशी बंदराला न लागता, परत सिअ‍ॅटलला प्रवासी उतरवता येत नाहीत. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवाच, आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. विम्यातही अमेरिका, कॅनडा आणि मधला समुद्र असं तिन्ही बसायला हवं. दुसरं म्हणजे, जुनो ही अलास्काची राजधानी असूनही तिथे बाहेरून रस्ता जात नाही. बोट नाहीतर विमान. स्कॅग्वेत दवाखाना आहे, पण हॉस्पिटल नाही. ग्लेशियर बेमध्ये तर दिवसभर फक्त पाणी आणि बर्फ. म्हणजे उपचारांच्या रकमेइतकीच पेशंटला हलवण्याच्या खर्चाची रक्कमही बघायची. ती पॉलिसीत वेगळ्या ओळीत असते.

घरची मेडिक्लेम इथे कामाला येत नाही. बहुतेक पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, भारतीय कंपनीचा परदेश प्रवास विमा. तो भारत सोडायच्या आधीच घ्यावा लागतो, मुलांकडे पोचल्यावर घेऊ म्हटलं तर चालत नाही. दुसरी, अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणारा विमा. त्यात जुन्या आजाराचा ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’ असा एक लाभ असतो. अचानक, आधी काही लक्षण नसताना झटका आला आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच तो लागू. हळूहळू वाढत गेलेला त्रास त्यात बसत नाही, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये सत्तरीनंतर हा लाभ एकदम कमी होतो किंवा जातोच.

आम्ही भारतीय कंपनीची पॉलिसी घेतली. वाद झालाच तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे, मुंबईत आहे. अमेरिकेतल्या कंपनीशी नाशिकहून भांडायचं कसं? पण या पॉलिसींतली एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. वर मोठा आकडा असतो, आणि आत आधीपासूनच्या आजारासाठी वेगळी मर्यादा असते. मी पाहिलेल्या एका पॉलिसीवर अडीच लाख डॉलर छापलं होतं आणि जुन्या आजारातल्या आणीबाणीला होते १,५०० डॉलर. साठीच्या पुढच्यांना आजारानुसारही मर्यादा लावतात: खोलीभाडं इतकं, सर्जन इतका. ब्रोशरमध्ये हे नसतं. पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागवा आणि ‘प्री-एग्झिस्टिंग’ हा शब्द जिथे जिथे आला आहे ते प्रत्येक वाक्य वाचा. मी प्रिंट काढून पिवळ्या पेनाने खुणा केल्या होत्या.

आमच्या ओळखीचे एजंट फॉर्म भरायला घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “काकू, डायबेटिस तेवढा लिहू नका. आता कुणाला नसतो? उगाच प्रीमियम वाढेल, रिपोर्ट मागतील.” माणूस वाईट नाही, आमचं भलंच बघत होते. पण मी ठाम नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. परदेशातलं बिल कंपनीकडे गेलं की ती पहिली मागते जुन्या डॉक्टरांची कागदपत्रं. त्यात बारा वर्षांची साखर दिसली आणि फॉर्मवर ‘नाही’ असलं, तर ज्या आजाराचा साखरेशी काही संबंध नाही तोही क्लेम अडकतो. आम्ही सगळं लिहिलं: स्टेंटची तारीख, गोळ्यांची नावं, डोस, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी). प्रीमियम वाढला, रिपोर्टही मागितले. दिले.

एक अडचण मात्र मला आधी कळायला हवी होती. निघायच्या दहा आठवडे आधी ह्यांची टेल्मिसार्टन ४० ची ८० झाली होती. आपल्याला वाटतं गोळी वाढली, बीपी ताब्यात आलं, झालं. विम्याच्या भाषेत डोस बदलला म्हणजे आजार स्थिर नाही, असा अर्थ निघू शकतो. आमच्या फॉर्ममध्ये गेल्या सहा महिन्यांतले औषधबदल विचारले होते. आम्ही लिहिलं आणि हृदयरोगतज्ज्ञांकडून ‘प्रकृती स्थिर, प्रवासास योग्य’ असं पत्र जोडलं. विम्यासाठी गोळी बदलायची थांबू नका, तसं कुणी करू नये. तपासण्या पाच-सहा महिने आधी उरकून घ्या, म्हणजे जो बदल व्हायचा तो लवकर होऊन जाईल.

जे मराठी वाचक अमेरिकेतच राहतात त्यांचं गणित वेगळं आहे. जावयांना दमा आहे. त्यांनी क्रूझची पहिली रक्कम भरल्यावर चौदा दिवसांच्या आत ट्रिप इन्शुरन्स घेतला आणि पूर्ण सहलीचा खर्च त्यात धरला. असं केलं, आणि विमा घेताना तब्येत प्रवासाला योग्य असली, की तिथल्या बऱ्याच कंपन्या जुना आजार वगळण्याची अट माफ करतात. मुदत कंपनीगणिक बदलते, चौदा ते एकवीस दिवस. ती चुकली की सवलत गेली.

पॉलिसी घेण्याआधी मी कंपनीला एक ईमेल केला होता आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरले नव्हते. तीन प्रश्न होते. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल धरणार का? जहाज कॅनडाच्या हद्दीत किंवा खुल्या समुद्रात असलं तर? हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर जुन्या आजाराची मर्यादा त्यालाही लागणार का? फोनवरच्या मुलीने तिन्हींना चटकन ‘हो’ म्हटलं होतं. लेखी उत्तर नऊ दिवसांनी आलं आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, ‘लागणार’. ते वाचून आम्ही मर्यादा जास्त असलेला वरचा प्लॅन घेतला.

पहिले दिवस सुरेख गेले. जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियर पाहिला, स्कॅग्वेला व्हाइट पासची छोटी रेल्वे केली. सोन्याच्या शोधातल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही लाइन. डब्यात बसून सगळं दिसतं, चढायचं-चालायचं काही नाही, हृदयाच्या पेशंटला अगदी योग्य.

स्कॅग्वे सोडलं त्या रात्री पावणेदोनला ह्यांनी माझा हात दाबला. “छातीत दडपण वाटतंय,” एवढंच म्हणाले. केबिनच्या फोनवरून ९११ लावलं. नर्स व्हीलचेअर घेऊन आली आणि आम्ही खालच्या डेकवरच्या मेडिकल सेंटरमध्ये गेलो. ईसीजी निघाला. डॉक्टरीणबाई एका जागी थांबल्या, पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे जुनं आहे की आजचं?” माझ्या फाइलमध्ये मार्चमधला ईसीजी होता. त्यांनी दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक रेघ बोटाने जुळवत गेल्या. मी त्यांच्या बोटाकडेच बघत होते. शेवटी म्हणाल्या, “तसाच आहे.” तो कागद नसता तर काय ठरलं असतं, कोण जाणे. स्टेंट किंवा बायपास झालेल्या प्रत्येकाने आपला शेवटचा ईसीजी बरोबर ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. फोनमध्ये फोटोही ठेवा.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) लगेच केलं आणि तीन तासांनी पुन्हा. वाढलं असतं तर जहाज जुनोकडे वळवावं लागेल किंवा कोस्ट गार्डला बोलवावं लागेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. दोन्ही वेळा नॉर्मल आलं. निदान लिहिलं गेलं: हृदयाशी संबंध नसलेली छातीदुखी. सकाळी आम्ही केबिनच्या गॅलरीत ब्लँकेट गुंडाळून बसलो आणि मार्जरी ग्लेशियर समोर आला. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो, आवाज नंतर पोचतो. ह्यांनी माझा हात सोडला नव्हता.

बिल झालं २,१६० डॉलर. जहाजावर कॅशलेस नसतं; बिल केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना तुमच्या कार्डातून जातं. तेवढी मर्यादा असलेलं कार्ड जवळ हवं. उतरायच्या आधी तपशीलवार बिल, डॉक्टरांची टिपणं, दोन्ही रक्ततपासण्या आणि ईसीजी सही-शिक्क्यानिशी मागून घ्या, नंतर जहाजाच्या ऑफिसकडून मिळवणं फार अवघड. विमा कंपनीला त्याच सकाळी जहाजाच्या वायफायवरून ईमेल केला. टोल-फ्री नंबर जहाजावरून लागत नाहीत असा आमचा अनुभव आहे, साधा नंबर आणि ईमेल आधीच लिहून ठेवा.

क्लेमला कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. जुन्या आजाराचं कव्हर फक्त जीवघेण्या आणीबाणीसाठी आहे, आणि ही आणीबाणी जीवघेणी निघाली नाही, असं त्यात होतं. मी पॉलिसी पुन्हा वाचली आणि लिहिलं: निदान हृदयाचं नाही, म्हणजे हा जुना आजार नाहीच, मग तो नेहमीच्या वैद्यकीय खर्चात धरा. सोबत जहाजाच्या डॉक्टरांचं टिपण आणि मूळ फॉर्मची प्रत जोडली, ज्यात सगळं खरं लिहिलेलं होतं. दोन वर्षांची जुनी कागदपत्रं मागितली, तीही दिली. अकरा आठवड्यांनी १०० डॉलरची वजावट करून बाकी रक्कम खात्यात आली.