झहीरची उडी

सोलापुरात डावखुऱ्या पोराला हात बदलून घ्यायची सवय लहानपणीच लागते. सिद्धेश्वराच्या देवळात प्रसादाला डावा हात पुढे गेला की आजीची मनगटावर चापट. पंगतीत शेंगाचटणी डाव्या हाताने उचलली की पलीकडची काकू आईकडे बघणार. नातवंडांत डावं-उजवं करायचं नाही, असं सुनांना बजावणारी आजी तीच, हा भाग वेगळा. या पोराला ‘हात आहे तसाच राहू दे’ म्हणणारी जागा एकच, क्रिकेटचं मैदान. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे गेले, की होम मैदान पुन्हा पोरांच्या ताब्यात येतं. टीम पाडताना दोन्ही कॅप्टनांची नजर आधी डावऱ्यावर. त्याला लाइनवर बॉल टाकता येतो की नाही, हे नंतर बघायचं.

यात अंधश्रद्धा नाही. उजव्या हाताच्या बॉलिंगवर वाढलेल्या बॅट्समनला डावखुरा ओव्हर द विकेट, म्हणजे बॉलचा हात स्टंपांकडे ठेवून आला की बॉल निघतो तोच तिरका दिसतो, समोरून येऊन बॅटच्या बाहेर, कीपरशेजारच्या स्लिपकडे चाललेला. असे तीन बॉल तो सोडतो. चौथा अगदी तसाच निघतो आणि टप्पा पडल्यावर आत वळतो. बॅट अजून हवेत असते, पॅडवर ठप्प असा आवाज येतो आणि अर्धं मैदान पायचीत म्हणून ओरडत सुटतं. मागच्या तीन बॉलांनी त्याला बॅट वर ठेवायला शिकवलेलं असतं, खरी करामत त्यांची.

क्रिकेटमध्ये आमच्या गावचा मान आहे तो पॉली उम्रीगर यांचा. जन्म सोलापूरचा, 28 मार्च 1926. भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, 1955 साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला 223. पण ते उजव्या हाताचे फलंदाज. डावखुरा वेगवान गोलंदाज हवा म्हटल्यावर शेजारी बघणं आलं. करमाळ्याची हद्द ओलांडली की नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा लागतो आणि त्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला श्रीरामपूर. आता श्रीरामपूर इथून चांगलं लांब आहे, पण शेजार तो शेजारच. झहीर खानवर आम्ही एवढा हक्क सांगतोच. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातला, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेला, मराठीत सरळ गप्पा मारणारा फास्ट बॉलर आम्हाला परका वाटेल तरी कसा?

तो पहिल्यांदा दिसला तो 2000 सालच्या ऑक्टोबरात, नैरोबीच्या स्पर्धेत. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्याने यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या बॉलवर, त्रिफळा उडवला. मुंबईत जागा होईना म्हणून बडोद्याकडून रणजी खेळायला गेलेलं, चेन्नईला ऑस्ट्रेलियाचे जुने फास्ट बॉलर डेनिस लिली यांच्या हाताखाली तयार झालेलं बावीस वर्षांचं पोर. यॉर्कर बघणाऱ्यांच्या लक्षात राहिलाच, पण त्याहून जास्त राहिली ती उडी. बॉल टाकायच्या आधी तो असा काही उंच उडायचा की खाली येईपर्यंत आपलाच श्वास अडकावा. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले डावरे उडायला लागले. उजवेही उडायला लागले. बॉल कुठे पडतो याची कुणाला फिकीर नव्हती, उडी झहीरसारखी झाली पाहिजे.

त्या काळात त्याचं सगळंच जास्त होतं. उडी जास्त, वेग जास्त, राग जास्त. 23 मार्च 2003, जोहान्सबर्गची फायनल. त्या विश्वचषकात त्याने 18 बळी घेतलेले, त्यामुळे पहिली ओव्हर त्याचीच. वाइड, नो-बॉल, ऑस्ट्रेलियाच्या हेडनशी तोंडातोंडी, आणि ओव्हर संपली तेव्हा 15 धावा. पुढे ऑस्ट्रेलियाच्या 359 झाल्या. त्याच्या सात ओव्हरांत 67, बळी एकही नाही. आमच्या भागात त्या दिवशी टीव्ही बंद करण्याची शर्यत लागली होती. नंतर दुखापती झाल्या आणि 2006 च्या सुरुवातीला तो संघाबाहेर गेला. इरफान पठाण जोरात होता, म्हणजे डावखुऱ्याची जागाही भरलेली. आपल्याकडे अशा खेळाडूचं नाव मग फक्त वादात काढायचं असतं.

झहीर इंग्लंडला गेला, वूस्टरशायरकडून काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक क्रिकेट, खेळायला. तिथे कौतुकाला गर्दी नसते. एक सामना संपला की दुसरा, आणि पुन्हा बॉलिंग. त्या मोसमात त्याने 78 बळी काढले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात 138 धावांत 9. आणि त्याच सुमारास ती उडी गेली. धाव आटोपशीर झाली, पाय जमिनीजवळ राहू लागले, वेगही थोडा उतरला. ज्वारीच्या भाकरीतलं पाणी उडालं की ती कडक होते आणि मग महिनाभर टिकते, तसं काहीसं झालं त्याचं. ताज्या भाकरीचा मऊपणा गेला याचं दुःख करणारे करोत.

माझं मत विचाराल तर खरा झहीर इथून पुढचा. 2007 ची इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिजची कसोटी घ्या. भारताच्या पहिल्या डावात तो बॅटिंगला आला तर खेळपट्टीवर जेली बीनच्या गोळ्या पडलेल्या. बाजूला केल्या, तर पुन्हा आल्या. तो इंग्लंडच्या पीटरसनवर बॅट रोखून तावातावाने बोलला आणि प्रेक्षकांना करमणूक झाली. मग इंग्लंडचा दुसरा डाव: 75 धावांत 5. सामन्यात एकूण 9. सामना खिशात, आणि 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, 1-0. जोहान्सबर्गला तोंड चाललं तेव्हा बॉल भरकटला होता. इथेही राग होताच, फक्त बॉल हातात येईपर्यंत तो थांबला. (आमच्याकडे त्या आठवड्यात पोरं खेळपट्टीवर रावळगावच्या गोळ्या टाकून बघत होती. समोरच्या टीममधल्या कुणी चिडून पाच बळी काढले नाहीत. गोळ्या मात्र फिल्डरांनी खाल्ल्या.)

डावखुऱ्या बॅट्समनचे तर तो हाल करायचा. राउंड द विकेट, म्हणजे स्टंपांच्या दुसऱ्या बाजूने यायचा, कोन बदलायचा. बॉल आत येतोय म्हणून खेळायला जावं तर तो बाहेर निघायचा. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथला विचारा. आणि जुना बॉल हातात आला की धावत येताना उजवा पंजा बॉलवर झाकायचा, चकाकीची बाजू कुठली, म्हणजे बॉल कुठे वळणार, ते बॅट्समनला दिसूच नये म्हणून. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनसारख्या गोलंदाजानेही हे झाकणं आपण झहीरकडून घेतलं, असं मोकळेपणी सांगितलं आहे. होम मैदानावरच्या पोरांनीही ते लगेच उचललं. बॉल टेनिसचा, हिरवा, लव उडालेला, चारी बाजूंनी सारखाच. त्यात लपवण्यासारखं काय असतं, देव जाणे. पण बॅट्समन घाबरायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

2011 च्या विश्वचषकात हे सगळं एका जागी आलं. बंगळूरला भारताच्या 338 चा पाठलाग करताना इंग्लंड 2 बाद 281 वर निवांत होतं. झहीरने लागोपाठच्या बॉलवर बेल आणि 158 वरचा स्ट्रॉस काढले, पुढच्या ओव्हरला कॉलिंगवूडचा त्रिफळा. गेलेला सामना बरोबरीत सुटला. बोटांच्या पेरांवर धरून सोडलेला तो संथ बॉल तर त्या स्पर्धेचं नवं खेळणंच होतं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हसीला अहमदाबादला त्याचा हिशेब लागला नाही. एकूण बळी 21, शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक. वानखेडेवरच्या फायनलमध्ये पहिल्या पाच ओव्हरांत 3 निर्धाव, 6 धावा, 1 बळी. पुढच्या पाचांत 54 धावा गेल्या, तेही लिहायला हवं. पण सामना ठरला तो त्या 6 धावांवर, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. धोनीच्या षटकारापुढे ही सुरुवात कुणी लक्षात ठेवत नाही, याचा मला अजून राग येतो.

बॅटिंगचंही एक सांगितलं पाहिजे. 2004 साली ढाक्याला अकरावा येऊन त्याने 75 केल्या होत्या. दुसऱ्या टोकाला सचिन, 248 वर नाबाद. शेवटच्या जोडीने 133 जोडल्या.

शरीराने मात्र पुढे साथ दिली नाही. 2011 च्या इंग्लंडविरुद्धच्या लॉर्ड्स कसोटीत कुक आणि स्ट्रॉस दोघांना काढून तो पहिल्याच दिवशी मांडी धरून बाहेर गेला, आणि भारत ती मालिका 4-0 हरला. एक माणूस नसल्याने किती फरक पडतो, हे तेव्हा कळलं. ऑक्टोबर 2015 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा नावावर 92 कसोटींत 311 बळी होते आणि 200 एकदिवसीय सामन्यांत 282.

शेवटची कसोटी त्याआधीच होऊन गेली होती, 2014 च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला. पस्तिशी उलटलेली, उडी कधीचीच गेलेली, वेग मध्यम म्हणावा इतका. समोर न्यूझीलंडचा ब्रेंडन मॅकलम दोन दिवस झाले आऊट व्हायला तयार नाही. झहीरने त्या एका डावात 51 ओव्हर टाकल्या. 170 धावांत 5 बळी. मॅकलम 302 वर धोनीच्या हाती गेला. त्रिशतक झाल्यावर का होईना, काढला त्यानेच.