जहाजावरील कॅसिनो : मायामीहून केलेल्या कॅरिबियन सफरीतील नोंदी आणि सूचना

गेल्या हिवाळ्यात आम्ही मायामीहून पश्चिम कॅरिबियनच्या जलसफरीला गेलो. पुण्याहून आलेले मावशी आणि काका, आम्ही दोघे आणि नुकतीच महाविद्यालयात गेलेली आमची मुलगी असा परिवार होता. कोझुमेलचे प्रवाळ, केमन बेटांचे किनारे आणि जहाजावरील जेवण यांविषयी मराठीत भरपूर वाचायला मिळते. कॅसिनोविषयी मात्र एकतर कुजबुज ऐकू येते, नाहीतर कोणाच्या तरी मोठ्या जिंकण्याची गोष्ट. काकांना पत्त्यांची मनापासून आवड असल्याने आमच्या बऱ्याच संध्याकाळी त्या दालनात गेल्या. जाण्यापूर्वी प्रत्येक खेळाचे गणित मी समजून घेतले होते आणि तेथे ते टेबलाटेबलावर ताडून पाहता आले. माझे मत असे झाले आहे की जहाजावरचा जुगार ही विकत घ्यायची करमणूक आहे, तिची किंमत बसण्यापूर्वीच बऱ्यापैकी काढता येते, आणि ज्याला ती काढायची नसेल त्याने बसू नये.

आमचे जहाज रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओअ‍ॅसिस श्रेणीतील होते. त्याच्या मागच्या बाजूला नासाऊ हे नाव रंगवलेले असते, कारण जहाजाची नोंदणी बहामाजमध्ये आहे. हा तपशील कॅसिनोच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या नोंदणीच्या देशाचा कायदा चालतो. जहाज बंदरात असेपर्यंत त्याला स्थानिक कायदा लागू होतो, म्हणून मायामी आणि कोझुमेल या दोन्ही ठिकाणी दालन बंद होते. किनारा मागे पडून जहाज खुल्या समुद्रात आल्यानंतरच टेबलांवरची आवरणे निघाली. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे देशाचा प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत असतो. या सीमारेषेचा उपयोग करून घेण्याची कल्पना जुनी आहे. 1938 मध्ये टोनी कॉर्नेरो या जुगाराचा धंदा करणाऱ्या माणसाने कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या समोर तेव्हाच्या तीन मैलांच्या मर्यादेबाहेर ‘रेक्स’ नावाचे जुगाराचे जहाज नांगरून ठेवले होते, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याचे महाधिवक्ता अर्ल वॉरेन यांनी त्यावर कारवाई केली. अपवादही आहेत. बर्म्युडात रात्रीच्या मुक्कामाला असलेल्या जहाजांना रात्री कॅसिनो उघडण्याची मुभा आहे. उलट हवाई बेटांमध्येच फिरणाऱ्या ‘प्राइड ऑफ अमेरिका’ या अमेरिकी नोंदणीच्या जहाजावर कॅसिनोच नाही, आणि डिस्नेच्या जहाजांवरही तो ठेवलेला नाही. ज्यांना ही सोबत मुळातच नको असेल त्यांनी जहाज निवडतानाच हे पाहावे.

मराठी प्रवाशाला कॅसिनो म्हटले की मांडवी नदीतल्या पणजीच्या नौका आठवतात. तेथे प्रवेशाचे पैसे घेतले जातात आणि त्यात बहुधा जेवण, पेये व काही चिप्स (खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) येतात. जहाजावर प्रवेशशुल्क नसते. उलट, ओअ‍ॅसिस श्रेणीच्या जहाजांत कॅसिनो चौथ्या मजल्यावर मध्यभागी असून नाट्यगृहाकडून बर्फाच्या रंगमंचाकडे जाणाऱ्याची वाट त्याच्या जवळूनच जाते. दिवसातून अनेकदा माणूस तेथून जातो आणि त्यातल्या एखाद्या वेळी थांबतो. लहान मुले किंवा धुराचा त्रास असणारे ज्येष्ठ सोबत असतील तर एक मजला वर चढून जाण्याचा रस्ता पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा. दालनाच्या काही भागात धूम्रपानाला परवानगी असते आणि मावशींना तो धूर शेवटपर्यंत सोसला नाही. वयाचा नियमही अमेरिकेतील भूभागापेक्षा वेगळा आहे : कॅरिबियन सफरीत 18 वर्षांपासून खेळता येते, मद्य मात्र 21 नंतरच मिळते. मुलगी कायद्याने खेळू शकते हे आम्हांला जहाजावर चढण्यापूर्वी माहीत होते, म्हणून त्याविषयी घरीच बोलणे झाले होते. इतर पालकांनीही हे आधी बोलून घ्यावे, कारण खोलीचे कार्ड यंत्रात घातले की पैसे थेट कुटुंबाच्या खात्यावर पडू शकतात.

या कार्डाविषयी सविस्तर सांगायला हवे. जहाजावर सगळे व्यवहार एकाच कार्डावर होतात आणि कॅसिनोही त्याला अपवाद नाही. परंतु कार्डावरून खेळासाठी पैसे उचलले की बहुतेक कंपन्या त्यावर काही टक्के सेवाशुल्क लावतात. पुढे मी ज्या टक्केवाऱ्या देणार आहे त्यांच्या तुलनेत हे शुल्क फार मोठे आहे : ज्या डावात कॅसिनोचा वाटा (लावलेल्या पैशांपैकी सरासरीने कॅसिनोकडे जाणारा भाग) अर्धा टक्का आहे तेथे खेळणाऱ्याने आधीच तीन-चार टक्के गमावून बसणे याला काही अर्थ नाही. खेळायचे असल्यास रोख डॉलर घरून न्यावेत. जहाजावरील एटीएमचे शुल्कही चढे असते. आम्ही पहिल्या दिवशी स्वागतकक्षात जाऊन मुलीच्या आणि मावशींच्या कार्डावरचे असे व्यवहार बंद करण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. भारतातील कार्ड घेऊन येणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यावी. लॉटरी, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठवण्यास भारताच्या परकीय चलन नियमांत मनाई आहे. म्हणून आपल्या बँकेला आधी लेखी विचारल्याशिवाय ते कार्ड कॅसिनोत वापरू नये.

आता टेबलांकडे वळू. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज 21 च्या पुढे न जाता त्याच्या जवळ नेण्याचा खेळ. त्याच्या टेबलावरील कापडावरच सर्वांत महत्त्वाचे वाक्य छापलेले असते, आणि बसणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते वाचताना मला दिसले. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा किमतीचे पान (दहा, गुलाम, राणी किंवा राजा) आले तर तीनास दोन या प्रमाणात पैसे मिळणार की सहास पाच, हे तेथे लिहिलेले असते. 20 डॉलरच्या पैजेवर पहिल्या नियमाने 30 डॉलर मिळतात, दुसऱ्याने 24. असा डाव साधारण एकवीस डावांत एकदा येतो, आणि एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ 1.4 टक्क्यांनी वाढतो. नीट खेळणाऱ्याला तीनास दोनच्या टेबलावर सुमारे अर्धा टक्का द्यावा लागतो, तर सहास पाचच्या टेबलावर सुमारे दोन टक्के. 15 डॉलरची किमान पैज आणि तासाला 70 डाव धरले तर 1,050 डॉलर फिरतात. एका ठिकाणी तासाची अपेक्षित किंमत पाच-सहा डॉलर, दुसऱ्या ठिकाणी वीसच्या वर. जहाजांवर सहास पाचची टेबले आणि पत्ते सतत पिसणारी यंत्रे पुष्कळ आढळतात. आमच्या जहाजावर कमी पैजेची टेबले तशीच होती आणि तीनास दोनचे टेबल जास्त किमान रकमेचे होते. डीलरचे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याचे, उघडे पान एक्का असले की तो ‘इन्शुरन्स’ नावाची बाजूची पैज विचारतो. तिच्यावर कॅसिनोचा वाटा सात टक्क्यांहून अधिक असल्याने ती घेऊच नये. कोणत्या पत्त्यांवर काय करावे याचा छापील तक्ता बहुतेक ठिकाणी टेबलाशी घेऊन बसता येतो, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

काकांना मात्र ब्लॅकजॅकपेक्षा तीन पत्त्यांचा पोकर आवडला, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना तो आवडेल असे मला वाटते. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हातांचा क्रम जवळजवळ पाठ असतो : येथेही सिक्वेन्स कलरपेक्षा वरचढ, कलर जोडीपेक्षा वरचढ. एकच फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या खेळात तीन एक्क्यांसारखी ट्रेल सर्वांत मोठी मानतात, येथे शुद्ध सिक्वेन्स तिच्याही वर आहे, आणि हिशेबाने तेच योग्य आहे, कारण 22,100 संभाव्य हातांपैकी शुद्ध सिक्वेन्स 48 प्रकारे होते तर ट्रेल 52 प्रकारे. परंतु खेळाचा प्राण वेगळा आहे. येथे समोरच्याला घाबरवणे नाही, ब्लाइंड खेळणे नाही, चेहरा वाचणे नाही. डाव फक्त डीलरशी असतो आणि डीलरकडे निदान राणी नसेल तर तो पात्रच ठरत नाही. त्यामुळे करण्यासारखा निर्णय एकच उरतो : राणी, सहा, चार किंवा त्याहून चांगला हात असेल तर पहिल्या पैजेइतकी दुसरी पैज लावून पुढे जायचे, अन्यथा टाकायचा. एवढा नियम पाळला तर पहिल्या पैजेच्या सुमारे 3.4 टक्के कॅसिनोकडे जातात. काकांनी तीन पत्तीच्या सवयीने कमजोर हात रेटण्याचा मोह टाळला आणि हा नियम कटाक्षाने पाळला. जोडीवर लावायच्या बाजूच्या पैजेचे दर टेबलागणिक बदलतात आणि तिचा वाटा दोन टक्क्यांपासून सात टक्क्यांच्या पुढे जातो, तेव्हा दरफलक वाचूनच ती घ्यावी.

रुलेटबद्दल, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैज लावण्याच्या खेळाबद्दल, थोडक्यात. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर चाकावर बहुधा शून्य आणि दुहेरी शून्य अशी दोन घरे असतात. एकूण घरे 38, आणि एका आकड्यावर मिळतात पैजेच्या 35 पट. त्यामुळे वाटा 5.26 टक्के होतो. एकच शून्य असलेल्या चाकावर तो 2.70 टक्के असतो. लाल-काळ्यावर 10 डॉलर लावत तासाला 40 फेऱ्या खेळल्या तर दुहेरी शून्याच्या चाकावर तासाचे 21 डॉलर जातात असे धरून चालावे. बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेयर’ या दोन हातांपैकी कोण जिंकेल यावर पैज लावतात. त्यात बँकरवर 1.06 आणि प्लेयरवर 1.24 टक्के असा वाटा आहे, पण बरोबरीवर लावल्यास तो 14 टक्क्यांच्या वर जातो. क्रॅप्स या फाशांच्या खेळातली पास लाइनची मूळ पैज 1.41 टक्क्यांची, टेबलाच्या मध्यभागातील पैजा टाळाव्यात. सागरी दिवशी, म्हणजे जहाज कोणत्याही बंदरात थांबत नाही त्या दिवशी, सकाळी या खेळांचे विनामूल्य वर्ग घेतले जातात आणि ते खरोखर उपयुक्त आहेत.

सर्वांत जास्त गर्दी बटण दाबून चित्रे फिरवायच्या स्लॉट यंत्रांपाशी असते आणि सर्वांत कमी माहितीही तेथेच मिळते. नेवाडा राज्यात यंत्राने दीर्घकाळात किमान 75 टक्के परत दिले पाहिजेत असा नियम आहे आणि तेथील गेमिंग कंट्रोल बोर्ड दर महिन्याला उत्पन्नाचे आकडे प्रसिद्ध करते. जहाजावरील प्रवाशाला असे आकडे कोणी दाखवत नाही. ‘एक सेंट’ असे लिहिलेल्या यंत्रावर प्रत्यक्षात एका फेरीला 50-60 सेंट किंवा अधिक लागतात. 60 सेंटच्या तासाला 500 फेऱ्या म्हणजे 300 डॉलर, आणि दहा टक्के वाटा गृहीत धरला तर तासाला 30 डॉलर. म्हणजे किरकोळ वाटणारे हे यंत्र चांगल्या ब्लॅकजॅक टेबलाच्या पाचपट महाग पडते.

परतल्यावर परिचितांकडून सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न ‘फुकट क्रूझ’चा होता. कॅसिनोत खेळणाऱ्यांना गुण आणि सवलती देणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या क्लब रॉयल योजनेत आम्ही गेलो तेव्हा स्लॉटवर फिरवलेल्या प्रत्येक 5 डॉलरला एक गुण मिळत होता आणि प्राइम या पायरीसाठी वर्षात 2,500 गुण लागत होते. म्हणजे 12,500 डॉलर यंत्रातून फिरवावे लागतात आणि दहा टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे 1,250 डॉलर जातात. त्या बदल्यात पुढच्या सफरीत फुकट मिळणाऱ्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीवरचे कर आणि बंदरशुल्क पुन्हा आपणच भरायचे असते. जो एरवीही तेवढे खेळणार आहे त्याने गुणांची नोंद अवश्य करून घ्यावी. पण खोलीसाठी म्हणून खेळू नये, ती सरळ विकत घ्यावी. दालनात मिळणारी मोफत पेयेही याच हिशेबात धरावीत, शिवाय पेल्यागणिक निर्णय ढासळतो.

आमची पद्धत अशी होती की प्रत्येक संध्याकाळची रक्कम खोलीतच वेगळ्या पाकिटात काढायची, बाकीचे पैसे तिजोरीत ठेवायचे आणि पाकीट रिकामे झाले की वरच्या डेकवर चहाला जायचे. जमिनीवरच्या कॅसिनोतून माणूस घरी जाऊ शकतो. जहाजावर सागरी दिवशी दालन सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत उघडे असते आणि तुम्ही त्याच्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावरच राहत असता. ज्यांच्या घरात जुगाराने कोणाचे नुकसान झालेले आहे त्यांनी ही गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी आणि अशा व्यक्तीला घेऊन जायचे झाल्यास कॅसिनो नसलेले जहाजच निवडावे.

जिंकल्यास कराचा प्रश्न येतो. स्लॉटवर ठरावीक रकमेच्या वर एकदम मिळाले की यंत्र थांबते आणि कर्मचारी अमेरिकी करखात्याचा अर्ज घेऊन येतो. ही मर्यादा अनेक वर्षे 1,200 डॉलर होती आणि 2026 पासून 2,000 झाली. अमेरिकेचे करनिवासी नसलेल्या भारतीय पाहुण्यांच्या अशा रकमेतून 30 टक्के कापले जाऊ शकतात, मात्र ब्लॅकजॅक, रुलेट, बॅकरॅट आणि क्रॅप्सच्या जिंकण्यावर ती कपात नाही. भारतात करनिवासी असणाऱ्याला ही रक्कम तेथील विवरणपत्रातही दाखवावी लागते, दर 30 टक्के आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा आणि मिळालेला प्रत्येक कागद जपावा.

डीलरना दिली जाणारी बक्षिसी रोजच्या सेवाशुल्कात धरलेली नसते. चांगली वागणूक मिळाल्यास उठताना एखादी चिप द्यावी. टेबलाशी फोन वापरू नये, छायाचित्र काढू नये. शेवटच्या रात्री मात्र उशिरापर्यंत थांबू नका : उरलेल्या चिप्स, यंत्रातून निघालेल्या पावत्या आणि कार्डावर शिल्लक राहिलेली रक्कम रोखपालाची खिडकी बंद होण्यापूर्वी मोडून घ्यावी लागते, तेथे त्या रात्री लांब रांग असते, आणि सकाळी मायामीच्या धक्क्याला लागल्यावर ती खिडकी उघडत नाही.