कावडीची दांडी

देश ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. पहिलाच परदेश. खिशाला झेपला पाहिजे, व्हिसा घरबसल्या मिळाला पाहिजे आणि विमानात फार वेळ अवघडून बसायला लागता कामा नये, अशा तीन चाळण्या लावल्या आणि व्हिएतनाम उरला. पुढचे दोन महिने मात्र व्हिएतनाममध्ये नेमकं कुठे, यावर गेले.

कारण हा देश आहे शेवग्याच्या शेंगेसारखा. उत्तरेच्या हनोईपासून दक्षिणेच्या सायगावपर्यंत रेल्वेचा रूळ १७२६ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा बराच जास्त, आणि गाडीला तीस तासांहून अधिक लागतात. रुंदी मात्र एके ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर. पुण्याहून लोणावळा येईपर्यंत देश संपतो! शेंग अख्खी खायची की मधला तुकडा चोखायचा, एवढाच काय तो प्रश्न.

ट्रॅव्हलवाल्याला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्याच्याकडे 'संपूर्ण व्हिएतनाम, आठ दिवस' तयार होतं. दर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बॅगा खोलीबाहेर, मग विमान, मग बस. याला मी सहल म्हणत नाही, बदलीची नोकरी म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे घालून जायचं तर सगळं बघून येऊ, पुन्हा कोण जातंय! बुफेच्या ताटात गुलाबजामशेजारी नूडल्स वाढून घेणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

मग घरात तीन पक्ष पडले. आठवीतल्या चिरंजीवांना उत्तरेतला हालाँगचा उपसागर हवा होता. हिरव्या पाण्यातून उभे कातळ, सोळाशेच्या आसपास बेटं, आणि रात्री बोटीतच मुक्काम. नवऱ्याला दक्षिणेतले कू चीचे बोगदे. युद्धात माणसांनी जमिनीखाली अडीचशे किलोमीटरचं जाळं खणलं, तिथेच स्वयंपाक केला, तिथेच दवाखाने चालवले. मला मध्य व्हिएतनाममधल्या होइ आनचे कंदील. जुनं बंदर, पिवळ्या भिंतींची घरं, संध्याकाळी नदीत सोडलेले दिवे. ऐन दिवाळीत दुसऱ्याच्या देशातले आकाशकंदील बघायचे, ही कल्पना मला फारच आवडून बसली होती.

दिवाळीनेच घोळ केला. शाळेची सुट्टी तेव्हाच, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच मध्य व्हिएतनामच्या मुसळधार पावसाचा काळ. आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकतो, तसा तिथे ईशान्येचा वारा समुद्रावरून येऊन च्युआँग सनच्या डोंगररांगेला धडकतो आणि सगळं पाणी किनाऱ्यावर ओतून मोकळा होतो. होइ आनच्या एका जुन्या घरात पूर कुठवर चढला त्याच्या खुणा भिंतीवर साल घालून केलेल्या आहेत. माझं माहेर सांगलीचं. २०१९ची खूण आमच्याही भिंतीवर आहे. ती बघायला पासपोर्ट लागत नाही. त्याच दिवसांत उत्तरेला मात्र हनोईत आल्हाददायक हवा. म्हणजे चिरंजीव जिंकल्यातच जमा होते.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, कोणी विचारलंच नव्हतं. त्यांची चिंता एकच, तिथे खायचं काय. मी सांगितलं, तिकडे शाकाहाराला 'चाय' म्हणतात, आणि बौद्ध घरांमधून अमावस्या-पौर्णिमेला बरेच जण शाकाहार पाळतात. हे ऐकून त्यांचं देशाबद्दलचं मत एकदम सुधारलं. "अमावस्या पाळतात म्हणजे माणसं बरी दिसतात."

त्या खुशीत मी पुढचं वाचून दाखवलं. तिथले लोक आपल्या देशाला भाताच्या दोन टोपल्यांची कावड म्हणतात. वरची टोपली लाल नदीच्या खोऱ्याची, खालची मेकाँगची, आणि मधला चिंचोळा किनारा म्हणजे दांडी. आईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. त्यांचं माहेर सासवड. कावड म्हटलं की त्यांना एकच दिसते, चैत्रात मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला चढणारी तेल्या भुत्याची.

"मग महादेव कुठंय?"

मी हसायला गेले आणि थांबले. महादेव आहे. दांडीवरच आहे. होइ आनपासून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत, मी सन नावाच्या जागी. तिथल्या प्राचीन चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात तिथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं. पुढे शतकानुशतकं विटांची देवळं उठत राहिली, संस्कृत शिलालेख कोरले गेले. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतलं सर्वांत देखणं शिखर जमीनदोस्त झालं. आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजीला गेलं, आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. फोटोत ते मातीतून अर्धं वर आलेलं दिसतं. आईंनी फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, आणि दुसऱ्या हाताने नकळत डोक्यावर पदर घेतला.

मतदान तिथेच संपलं. चिरंजीवांनी "हे फाऊल आहे" म्हणून पाहिलं, पण आजीसमोर त्याचा आवाज नेहमीच खाली असतो. बोगदे गेले. हालाँगही गेलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तारखा पुढे ढकलून मे महिन्यातल्या घेतल्या. तेव्हा दांडीवर फारसा पाऊस नसतो, समुद्रही शांत असतो. आता आठ दिवस एकाच भागात, जवळच्या दानांग शहरात उतरायचं, होइ आनला राहायचं. बॅगा एकदाच उघडायच्या.

"पण मे महिन्यात तिथे मरणाचं ऊन असतं, आई," नवऱ्याने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "पस्तीसच्या वर."

मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढत आई म्हणाल्या, "मग सासवडला काय बर्फ पडतो?"