उजेडाप्रमाणे घडणारी पाने : आमच्या पाणवनस्पती रोपवाटिकेची वाटचाल

नागपुरातल्या काटोल मार्गावरची आमची पाणवनस्पतींची रोपवाटिका शहराच्या महाल भागातल्या शोभिवंत माशांच्या दुकानातून उभी राहिली. दुकानात तरंगत्या वनस्पती हा केवळ जोडधंदा होता. बाहेरगावाहून माल येई, दिव्याखालच्या काचेच्या टाक्यांत राही आणि माशांबरोबर विकला जाई. पुढे नागपुरातल्या गच्च्यांवर आणि अंगणांत सिमेंटची कुंडे दिसू लागली, पिस्टिया, फ्रॉगबिट आणि अझोला या तरंगत्या वनस्पतींना मागणी वाढली, आणि तिच्याबरोबर एकच तक्रार सतत येऊ लागली, ती अशी की दुकानात टवटवीत दिसणारे रोप घरी नेल्यावर पांढरे पडते. या तक्रारीचे उत्तर शोधता शोधता आमच्या व्यवसायाला त्याची आजची दिशा मिळाली.

मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर साधारण 1 लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका उजेड पडतो, तर दुकानातल्या दिव्याखाली तो काही हजार लक्सच्या पलीकडे क्वचितच जातो. आपल्या डोळ्याची बाहुली लहानमोठी होत असल्याने हा फरक आपल्याला तितका जाणवत नाही. पानाला मात्र तो पुरता सोसावा लागतो. सावलीत वाढलेले पान रुंद आणि पातळ असते, त्यात हरितद्रव्य दाटून भरलेले असते आणि मिळेल तो किरण टिपून घेण्यासाठीच त्याची घडण झालेली असते. तेच पान एकाएकी भर उन्हात गेले की वापरता येण्याजोग्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त उजेड शोषते, त्या अतिरिक्त ऊर्जेतून पेशींना घातक ठरणारी ऑक्सिजनची रूपे तयार होतात आणि हरितद्रव्यच नष्ट होऊ लागते. ग्राहकाला दिसणारा पांढरेपणा तो हाच.

उन्हात जन्मलेले पान वेगळ्या तयारीने येते. ते आकाराने लहान आणि जाड असते, आणि त्यात झियाझँथिनसारख्या पिवळ्या रंगद्रव्यांचा साठा मोठा असतो. ऊन चढले की काही मिनिटांतच व्हायोलाझँथिन या दुसऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचे झियाझँथिन बनू लागते, त्याच्या साहाय्याने जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते आणि उजेड ओसरल्यावर हा फेरा उलटा फिरतो. डकवीड या इवल्या पाणवनस्पतीच्या लेम्ना ट्रायसल्का या जातीत तर हरितलवकेच, म्हणजे पेशीतले हरितद्रव्य असलेले कणच, जागा बदलतात. मंद उजेडात ती प्रकाशाला सामोरी पसरतात आणि प्रखर उजेडात पेशीच्या बाजूच्या भिंतींना जाऊन चिकटतात. फायलँथस फ्लुइटान्स ही दक्षिण अमेरिकेतली तरंगती वनस्पती सावलीत हिरवी राहते, पण उन्हात तिची पाने अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे लालबुंद होतात. हा लाल रंग आतल्या हरितलवकांवर पडद्यासारखा काम करतो. आमच्याकडे याच रोपाला सर्वाधिक मागणी आहे, आणि घरातल्या टेबलावर ते लाल राहणार नाही हे आम्ही विकण्यापूर्वीच सांगतो.

आमच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की रंगद्रव्यांचे प्रमाण पुढेही बदलू शकते, परंतु पूर्ण वाढलेल्या पानाची जाडी आणि घडण बदलत नाही. वनस्पती जुने पान सोडून देते आणि नव्या उजेडाला साजेसे नवे पान काढते. म्हणून आमची रोपवाटिका आम्ही जातींप्रमाणे न मांडता उजेडाप्रमाणे मांडली. 75 टक्के सावलीच्या जाळीखालचे हौद, 50 टक्के जाळीखालचे हौद, फक्त सकाळचे ऊन लागणारे हौद आणि पूर्ण उघडे हौद, या क्रमाने रोप पुढे सरकते. आणि दिवस मोजून नव्हे, तर प्रत्येक ठिकाणी नवी पाने आल्याची खात्री करून आम्ही ते सरकवतो. डकवीड हे काम फार लवकर उरकते, कारण अनुकूल परिस्थितीत त्याची संख्या दोन-तीन दिवसांत दुप्पट होते आणि जुनी पिढी नव्या पिढीत आपोआप झाकली जाते. पिस्टियाला मात्र वेळ द्यावाच लागतो.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे भिंतीच्या उत्तरेकडचे कुंड दिवसभर सावलीत राहते. 26 मेच्या सुमारास सूर्य आपल्या शहराच्या बरोबर माथ्यावर येतो, म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती सावली दुपारी नाहीशी होते आणि हिवाळाभर सावलीची पाने काढलेले रोप जागचे न हलताही उघड्यावर पडते. त्यात उथळ घमेल्यातले पाणीही तापत असल्याने मुळांची सुटका होत नाही. म्हणून मार्चमध्येच जाळी बांधावी आणि कुंड खोल घ्यावे, असा आग्रह आम्ही प्रत्येक ग्राहकाकडे धरतो.

तरंगत्या वनस्पतींना सावली नेहमी बाहेरूनच मिळते असे नाही, ती एकमेकींचीही पडते. अंबाझरी तलावातली जलपर्णी जवळून पाहिली तर हे स्पष्ट दिसते. थराच्या कडेला, मोकळ्या पाण्यालगत, देठ आखूड आणि फुग्यासारखे फुगलेले असतात. देठ उभा चिरला की आत हवेने भरलेली स्पंजासारखी जाळी दिसते. थराच्या मध्यावर त्याच वनस्पतीचे देठ सडपातळ होऊन उजेडासाठी उंच गेलेले असतात, कारण तिथे तरंगण्याचा भार शेजारणी वाटून घेतात. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याची पाने विरळ असताना पाण्यावर सपाट पडून राहतात आणि दाटी झाली की घडी घालून उभी राहतात. पाने उभी दिसू लागली की हौद विरळ करायची वेळ झाली, हे आमच्या कामगार बायकांना आता सांगावे लागत नाही.

जलपर्णी आणि साल्व्हिनिया मोलेस्टा या दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पती आम्ही कोणत्याही किमतीला विकत नाही. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाडा आणि मासळी यांवर ढीवर समाजाची अनेक कुटुंबे जगतात, आणि अशा तलावावर परक्या वनस्पतीचा थर पसरला की खालच्या पाण्याचा उजेड आणि प्राणवायू दोन्ही तुटतात. याच कारणाने कुंडातून काढलेली जादा रोपे नाल्यात किंवा तलावात न टाकता वाळवून खतात घालावीत, असे आम्ही पिशवीवरच छापले आहे.

अलीकडे गोपालकांना जनावरांच्या खाद्यासाठी अझोला पुरवण्याचे काम वाढले आहे. उघड्या खड्ड्यातला अझोला लाल झाला की तो मेला असे समजून अनेक जण फेकून देतात. खरे तर तीव्र ऊन आणि थंडी या दोन्हींत तो असा रंग धरतो आणि जाळी टाकल्यावर नवी वाढ हिरवी येते. सावलीत असूनही तो लालच राहिला, तर स्फुरदाची कमतरता तपासावी आणि थोडे सिंगल सुपर फॉस्फेट हे खत द्यावे, असे आम्ही सुचवतो. आता प्रत्येक पिशवीवर वनस्पतीच्या नावाखाली ती कोणत्या उजेडात वाढली आहे हेही लिहिलेले असते, आणि ग्राहकाने कुंडाची जागा सांगितल्यावर त्याच उजेडाच्या हौदातून रोप काढून दिले जाते.