मिशीपलीकडचा हिटलर

इतिहास आणि नाटक या दोन्हींची गोडी याच शाळेने लावली. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आजच्या विद्यार्थ्यांसाठी त्या दोन्हींच्या मधलंच काही लिहितो : हिटलर माणूस म्हणून उभा करायचा तर कसा?

स्नेहसंमेलनातला हिटलर बहुधा मिशी, ताठ हात आणि आरडाओरडा एवढ्यावर भागवतो. हे सगळं त्याच्या भाषणांच्या चित्रफितींवरून येतं. पण खरा हिटलर स्वतः हावभावांची तालीम करून व्यासपीठावर जायचा. हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरच्या ‘डाउनफॉल’ (२००४) या चित्रपटात त्याची भूमिका करणाऱ्या ब्रुनो गान्झने वेगळा आधार शोधला. ४ जून १९४२ला, फिनलंडचे सेनापती मानरहाइम यांच्या ७५व्या वाढदिवशी, हिटलरचं खासगी बोलणं तिथल्या नभोवाणीच्या तंत्रज्ञाने गुपचूप ध्वनिमुद्रित केलं होतं. जेमतेम ११ मिनिटं. आवाज खर्जातला, जवळजवळ गप्पांचा. भूमिकेची पट्टी तिथून धरायची.

मग शरीर. शेवटी हिटलरला पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असावा असं मानतात; म्हणून गान्झने त्या आजाराचे रुग्ण पाहिले. त्याचा हिटलर पाठीत वाकलेला, डावा हात पाठीमागे दडवलेला आणि तिथे बोटं थरथरताहेत. हा कंप हात स्वस्थ असताना जास्त दिसतो, काही उचलताना कमी होतो. सतत हात हलवत राहिलात की नक्कल होते.

चित्रपटातला २२ एप्रिल १९४५च्या, बर्लिनच्या भूमिगत बंकरमधल्या बैठकीचा प्रसंग पुन्हापुन्हा पाहावा. बर्लिन वाचवण्यासाठी ज्यावर भिस्त होती तो सेनानी श्टायनरचा हल्ला झालाच नाही, हे कळतं. हिटलर चष्मा सावकाश उतरवतो, मोजक्या सेनानींना थांबवून बाकीच्यांना बाहेर पाठवतो, आणि मग फुटतो. कॅमेरा दाराबाहेर जातो. तिथे ताटकळलेले लोक ऐकत असतात. पहिल्याच वाक्याला वरचा सूर लावला तर पुढे चढायला जागाच उरत नाही.

धोका सहानुभूतीचा आहे. नव्या सेक्रेटरीशी तो मायेने बोलतो, ब्लाँडी कुत्रीला कुरवाळतो. पण त्याच निवांत सुरात तो नागरिकांची पर्वा झटकून टाकतो, आणि विष आधी ब्लाँडीवरच तपासलं जातं. माया आणि क्रौर्य एकाच आवाजात यायला हवं. क्रौर्यासाठी वेगळा राक्षसी आवाज काढला की प्रेक्षक त्या माणसापासून सुटतो.

दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी आक्षेप घेतला होता, की हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या मुलांचा मृत्यू दाखवणारा हा चित्रपट हिटलरच्या मृत्यूपाशी मात्र नजर वळवतो. मला तो पटतो. त्याहून मोठी उणीव म्हणजे साठ लाख ज्यूंची हत्या शेवटच्या अक्षरपाट्यांवर येते. आपल्या रंगमंचावर बंकर उभारणार असाल, तर त्या हत्येचा हुकूम, यादी, निदान एक नाव त्याच टेबलावर, पहिल्या प्रवेशापासून ठेवा.