अर्ध्या बाहुलीचे पूर्ण पैसे

लातूरच्या हस्तकला प्रदर्शनात मला स्टॉल मिळाला तो खाण्याच्या गल्लीच्या तोंडाशी. एका बाजूला पैठणीच्या काठांच्या पर्स, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याची चटणी. गर्दीच्या हिशेबाने जागा झकास; पण चटणी चाखून आलेली माणसं त्याच बोटांनी माझ्या बाहुल्या उचलायची. झिलई नसलेल्या भाजक्या मातीत तेल मुरलं की काही केल्या निघत नाही. म्हणून पुढच्या टेबलावर फक्त कानातली मांडली आणि बाहुल्या मागच्या फळीवर नेल्या. तसंही स्टॉलचं भाडं कानातलीच काढून देतात. बाहुली हातात घेऊन पंधरा मिनिटं कौतुक करणारं गिऱ्हाईक जाताना पन्नास रुपयांचे झुमके नेतं, हे आता अंगवळणी पडलंय.

आयोजकांनी डोक्यावर ट्यूबलाइट दिली होती. उठावाच्या कामाला वरून पडणारा पांढरा उजेड म्हणजे वैरी. नाक, गाल, दागिने सगळं एका पातळीत दिसतं. मी घरून पिवळा बल्ब नेते, डावीकडून खाली टांगते आणि मागे काळी घोंगडी लावते. मग चेहऱ्यावर सावली पडते, बाहुलीत जीव येतो. एवढं करूनही पहिला प्रश्न ठरलेला: "गणपती नाहीत का?" आणि दुसरा, टिचकी मारत: "पक्कं भाजलंय ना?" गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं पाहिलं, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येकाला तो अधिकार मिळाला असावा.

गोरोबाकाकांचं गाव तेर, आणि माझं सगळं काम तेरवरूनच सुचलेलं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे सातवाहन काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पैठणहून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जायचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. लोक जातात ते हस्तिदंती बाहुली बघायला. मी तिच्यापुढे फार रेंगाळत नाही. मला ओढ केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांची. गुबगुबीत गाल, डोक्यावर भरगच्च केशरचना, आणि चेहऱ्यावर 'काय बघायलीस?' असा भाव. असा चेहरा मला लातूरच्या बसस्टँडवर रोज दिसतो.

त्या बाहुल्या दोन साच्यांत केलेल्या, एक पुढचा आणि एक मागचा. मीही तसंच करते. दोन्ही साच्यांत अंगठ्याने माती दाबायची, कडा ओरखडायच्या, पातळ चिखल लावून जोडायच्या. आत पोकळ. तळाशी बोट जाईल एवढं भोक ठेवावं लागतं, नाहीतर आत कोंडलेली वाफ आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, बाहुली फोडते. आमची काळी माती एकटी चालत नाही. वाळताना एवढी आकसते की तडे जातात. तिच्यात तळ्याचा पोयटा आणि चाळलेली लीद मिसळते. तरी दर आव्यात काही बाहुल्या सांध्यावर उकलतातच. पाठ एकीकडे, तोंड दुसरीकडे. असे तुकडे मी खोक्यात भरून ठेवते. कुटून, चाळून पुन्हा मातीत घालायला कामाला येतात. त्या खेपेला गडबडीत ते खोकंही टेम्पोत चढलं होतं आणि टेबलाखाली पडून होतं.

रविवारी संध्याकाळी एक म्हातारी आली, कॉलेजातल्या नातवाचा हात धरून. कानातल्यांकडे तिनं बघितलंही नाही. फळीवरच्या बाहुलीकडे बोट केलं. मी दिली. तिनं ती उलटी केली, तळाच्या भोकात बोट घातलं आणि आतून फिरवलं.

"अंगठ्यानं दाबलीस व्हय?"

मी चाटच पडले. आत बोट घालून बघणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. तिचं माहेर तेरचं निघालं. पहिला पाऊस झाला की पोरं पांढरीवर पळायची, म्हणाली. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड; पावसानं वरची माती धुपली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं उघडी पडायची.

"आन् ह्या बाया बी निघायच्या. पर अर्ध्याच. निस्तं तोंड, पाठ नसायची. मागून अशी खोलगट. त्यात आम्ही भातुकलीचं मीठ ठिवायचो."

नातू लाजला. मला मात्र पुढचं ऐकायचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचाही सांधा तिथेच सुटत होता, जिथे माझा सुटतो.

"आख्खी कशी असंल ते आज बघायले बघ," असं म्हणत तिनं बाहुली दोन्ही हातांनी परत दिली. मग हळूच विचारलं, "अर्धी हाय का गं?"

मी टेबलाखालून खोकं ओढलं. ती तिथेच सतरंजीवर बसली आणि एकेक तुकडा बघायला लागली. ज्यांची नाकं शाबूत होती ते तिनं बाजूला काढले आणि वाटीसारखे तळहातावर धरून पाहिले. ते बघायला चार माणसं थांबली, त्यांच्यामागे आणखी चार. चटणीवाला गिऱ्हाईक सोडून आला. शेवटी तिनं एक चेहरा निवडला. मला पैसे घ्यायचे नव्हते. पण फुकट न्यायला ती तयार होईना आणि मी भीतभीत सांगितलेला अर्धा दरही तिला पटेना.

"पाठ न्हाई म्हणून अर्धे? मेहनत तर आख्खी केलीस की."

माझ्या आजवरच्या धंद्यात भाव चढवून देणारं हे एकच गिऱ्हाईक. नातवानं क्यूआर कोड स्कॅन केला, तिनं तुकडा पदराच्या टोकात बांधला आणि दोघं गेले.

उभ्या असलेल्या घोळक्यातल्या एका बाईंनी लगेच विचारलं, "अजून आहेत का असे? भिंतीवर लावायला छान दिसतील." रात्री स्टॉल बंद होईपर्यंत खोक्यातली बरी तोंडं संपली, तीही पूर्ण दरात. अख्ख्या बाहुल्या तशाच उभ्या. पर्सवाली म्हणाली, "ताई, उद्यापासून मी पण काठ फाडून ठेवते."

चेष्टा सोडा, पण मला पेच पडला. आव्यात आपोआप उकललेला तुकडा वेगळा आणि मुद्दाम अर्धा केलेला वेगळा; पहिल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, सांध्याचा चिखल दिसतो. नुसता पुढचा साचा दाबून मुखवटे करायला काय, कोणीही करेल. मला ते करायचे नाहीत. मग जोडताना कडा कमी ओरखडाव्यात का? म्हणजे थोड्या सुटतील, थोड्या टिकतील?

ज्यांच्या आव्यात माझा माल भाजून होतो त्या मामांना हे विचारलं. त्यांनी बिडी विझवली.

"जलमभर सांधा सुटू नाय म्हणून राबलो. आता सुटला पायजे म्हणायलीस. बरंय. पर फुटक्याची भाजणावळ जास्ती पडंल."